मानेचं जुनं दुखणं आणि फिजिओथेरपी: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

"मॅडम, आज करंट नाही लावणार?"

डोंबिवलीहून फोर्टला रोज ये-जा करणाऱ्या एका बाईंनी तिसऱ्या दिवशी मला हे विचारलं. भरल्या थाळीचे पैसे घेऊन नुसता वरणभात वाढावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. दोन दिवस शेक आणि करंट घेऊन त्यांना बरं वाटलं होतं. आज मात्र मी त्यांना टेबलावर उताणं झोपवून नुसती 'हो' म्हणतो तशी मान हलवायला लावत होते. बाईंना वाटलं, मॅडम आज टाळताहेत.

मी सोळा वर्षं मुंबईत फिजिओथेरपी करतेय आणि हा प्रश्न दर आठवड्याला ऐकतेय. म्हणून हा लेख. ज्यांची मान तीन महिन्यांहून जास्त काळ दुखतेय (वैद्यकात जुनाट म्हणायला साधारण हीच मर्यादा धरतात), बाम, तेल, गोळ्या सगळं करून झालंय आणि आता कोणीतरी "फिजिओ करून बघ" म्हणालंय, त्यांच्यासाठी.

पहिली पायरी: हे दुखणं माझ्याकडे आणायचं की डॉक्टरकडे?

बहुतेक मानदुखी जीव खाते, जिवावर बेतत नाही. पण काही लक्षणं असतील तर आधी डॉक्टर, मग आम्ही. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, सोबत ताप, काही न करता उतरणारं वजन, पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला असणं, कुठल्याही कुशीवर न थांबणारी रात्रीची कळ, हातातली ताकद दिवसेंदिवस कमी होणं. यातलं एकही असेल तर थांबू नका.

सगळ्यात फसवं लक्षण वेगळंच आहे. ब्लाउजची हुकं किंवा शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळू लागतात, चप्पल पायातून निसटते, जिना उतरताना पायांचा भरवसा वाटत नाही, लघवी-शौचावरचा ताबा ढिला होतो. मानेतल्या मज्जारज्जूवर दाब येत असेल तर असं होऊ शकतं, आणि गंमत म्हणजे त्यात मान फारशी दुखतही नाही. घरचे म्हणतात, वय झालं. वय झालं असेलही, पण तपासून घ्या.

अचानक उठलेली, कधी नव्हती अशी मानेची किंवा डोक्याची कळ आणि तिच्याबरोबर दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं, तोल जाणं असेल तर सरळ कॅज्युअल्टी गाठा. डावा हात दुखतोय, छातीवर दडपण आहे, घाम फुटलाय, तरीही "मानेचंच असेल" म्हणून बाम चोळत बसलेले लोक मी पाहिलेत. तिथे आधी ईसीजी.

जाता जाता एक. आपल्याकडे चक्कर आली की लगेच "स्पॉन्डिलायटिस असणार" म्हणतात. कूस बदलताना किंवा वर बघताना काही सेकंद घर फिरल्यासारखं होत असेल, तर मूळ बहुतेक वेळा आतल्या कानात असतं. त्याचा इलाज वेगळा आहे, मानेला शेक देऊन ते जात नाही.

दुसरी पायरी: रिपोर्ट पिशवीत ठेवा, डोक्यात नको

"मॅडम, माझ्या मणक्यात गॅप आलाय." हे वाक्य मुंबईच्या कुठल्याही क्लिनिकात ऐकायला मिळेल. खरं तर एक्स-रेमध्ये उलटं दिसतं. दोन मणक्यांमधली चकती झिजून जागा कमी झालेली असते. गॅप आलेला नसतो, होता तो कमी झालेला असतो. "स्पॉन्डिलायटिस"चंही तसंच. रिपोर्टवर बहुधा 'स्पॉन्डिलोसिस' लिहिलेलं असतं, म्हणजे वयाप्रमाणे झालेली झीज. बोलताना त्याचं 'लायटिस' होतं, म्हणजे सूज-दाह, आणि माणूस आयुष्यभराचा रोग घेऊन घरी जातो.

मानेत सात मणके. वरच्या दोघांमध्ये चकती नसते, त्यांच्याखाली प्रत्येक जोडीत असते. या सगळ्या डोलाऱ्यावर साधारण पाच किलोचं डोकं, म्हणजे आट्याची मोठी पिशवी. चाळिशीनंतर यात झीज दिसणं हे केस पांढरे होण्याइतकंच सर्वसाधारण. जपानमध्ये १२११ ठणठणीत, मानेची तक्रार नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले होते. २०१५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. विशीतल्या बहुतेकांच्यासुद्धा. तेव्हा तुमच्या रिपोर्टवर 'डिस्क बल्ज' लिहिलंय एवढ्यावरून तुमच्या दुखण्याचं कारण सापडलं असं नाही. 'मानेचा बाक सरळ झालाय' हे तर एक्स-रे काढताना हनुवटी किती खाली होती त्यावरही अवलंबून असतं.

मग दुखतं का? जुनाट दुखण्यात बऱ्याचदा दोन गोष्टी एकत्र असतात. मानेच्या आतले, मणक्यांना बिलगून असलेले छोटे स्नायू सुस्तावतात आणि त्यांचं काम वरचे मोठे स्नायू ओढत बसतात. दुसरं म्हणजे नसांची यंत्रणा हळवी होते. सोसायटीत एखादी गाडी असते ना, मांजर बॉनेटवरून गेलं तरी जिचा अलार्म कोकलतो, तसं. दुखतंय हे शंभर टक्के खरं, पण दर वेळी काहीतरी मोडतंय असं नाही. अपुरी झोप आणि डोक्यावरचा ताण हा अलार्म आणखी हळवा करतात. मार्चअखेर आली की माझ्याकडे बँकवाल्यांची रांग लागते ती उगाच नाही.

तिसरी पायरी: कोणाकडे जायचं

आज काम करणाऱ्या बहुतेक फिजिओथेरपिस्टांनी साडेचार वर्षांची पदवी घेतलेली असते, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. राज्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्टचं स्वतंत्र कौन्सिल आहे, तिथल्या नोंदणीचा क्रमांक थेरपिस्टकडे असायला हवा. भिंतीवरच्या सर्टिफिकेटवर तो बघा. दिसला नाही तर विचारा, कोणी रागावत नाही. मशीनचा सहा महिन्यांचा कोर्स करून बोर्ड लावणारेही आहेत, म्हणून सांगतेय.

खिशाला परवडत नसेल तर महापालिकेची मोठी रुग्णालयं आहेत: परळचं केईएम, सायन, नायर, कूपर. केईएममधलं फिजिओथेरपीचं शिक्षण १९५०च्या दशकात, पोलिओच्या साथींच्या काळात सुरू झालं, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तीही १९५५ सालची. इथे सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा लागतो, गर्दी असते, आणि बरेचदा शिकाऊ मुलंमुली हाताळतात. त्याला नाकं मुरडू नका. त्यांच्या मागे शिक्षक उभे असतात, आणि व्यायाम शिकवायला त्यांच्याइतका वेळ खासगीत क्वचितच कोणी देतं.

खासगीत 'सिटिंग'वर फी असते. पंधरा-वीस सिटिंगचं पॅकेज पहिल्याच दिवशी, तपासण्याआधी गळ्यात मारत असतील तर उठून या. मेडिक्लेमवर विसंबू नका, बहुतेक पॉलिसींत ॲडमिट न होता घेतलेली फिजिओथेरपी बसत नाही. आणि क्लिनिक घराजवळचं किंवा स्टेशनच्या वाटेवरचं निवडा. गुडघाभर पावसात दोन रिक्षा बदलून जावं लागलं तर तिसऱ्या आठवड्यात तुम्ही जाणार नाही.

चौथी पायरी: पहिली भेट

सैल कपडे घाला, गळा आणि खांदे मोकळे करता येतील असे. बायकांनी बाई थेरपिस्ट मागितली किंवा बरोबर कोणाला आत बसवलं तर त्यात काही गैर नाही. जुने एक्स-रे, चालू गोळ्यांची यादी, आणि मधुमेह, पेसमेकर, शरीरातला रॉड, गरोदरपण यातलं काहीही असेल ते न विचारता सांगा. का ते पुढे येतंय.

पहिल्या दिवसाचा निम्मा वेळ बोलण्यात जायला हवा. केव्हा दुखतं, कशाने कमी होतं, झोप कशी, काम काय, लोकलमध्ये बसायला मिळतं की उभं. मग मान सहा दिशांना किती वळते ते बघतात, खांद्याची पाती तपासतात, हातांची ताकद आणि संवेदना बघतात. मान कलती करून डोक्यावर हळूच दाब दिला की हातात कळ जाते का, हे बघण्याची एक चाचणी आहे. गेली तर नस चिडलेली असण्याची शक्यता वाढते. कदाचित दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतील: वाचन, गाडी चालवणं, झोप, वजन उचलणं वगैरे. ५० पैकी गुण असतात, जितके जास्त तितका त्रास जास्त. ती १९९१ सालापासून जगभर वापरात आहे. तुमचा आकडा लिहून घ्या. सहा आठवड्यांनी तो कमी झाला का, यावरून उपचार चाललेत की नाही ते कळतं. "जरा बरं वाटतंय"वरून कळत नाही.

पाचवी पायरी: टेबलावर काय काय होतं

इथे मला आधी माझी चूक सांगायला हवी. पहिली दोन-तीन वर्षं मी उपनगरातल्या एका क्लिनिकात नोकरी करत होते. चार पडदे, चार मशीनं. एका पडद्यात करंट लावायचा, टायमर पंधरा मिनिटांवर ठेवायचा, दुसऱ्या पडद्यात शिरायचं. टिंग वाजली की आदला पेशंट मोकळा. लोक खूश होऊन जायचे आणि महिन्या-दोन महिन्यांनी तीच मान घेऊन परत यायचे. मालक म्हणायचे, पेशंट टिकतात. टिकायचेच, बरे कुठे होत होते!

म्हणून मशीनं वाईट असं नाही. ती काय करतात एवढं माहीत असू द्या. गरम शेकाने स्नायू सैल होतो, तासभर हायसं वाटतं. तेवढ्यासाठी घरी गरम पाण्याची पिशवीही चालते. लोक ज्याला 'करंट' म्हणतात तो म्हणजे टेन्स किंवा आयएफटी. त्वचेतून सौम्य वीजप्रवाह सोडून दुखण्याचा निरोप काही काळ दबवायचा. मुंग्या आल्यासारखं वाटलं पाहिजे, भाजल्यासारखं किंवा चावल्यासारखं नाही. 'डायथर्मी' म्हणजे रेडिओलहरींनी खोलवर दिलेली उष्णता. पेसमेकर, आतली धातूची पट्टी, गरोदरपण असेल तर ती बिलकूल नको. मधुमेहामुळे त्वचा बधिर झालेली असेल तर कुठलाही शेक जपून, कारण भाजलेलं कळत नाही. अल्ट्रासाउंड म्हणजे जेल लावून फिरवतात ते छोटं मशीन. सोनोग्राफी नव्हे, त्यात काही दिसत नाही. जुनाट मानदुखीत त्याचा मला तरी फारसा उपयोग दिसलेला नाही.

'वजन लावणं' म्हणजे ट्रॅक्शन. मान हलकेच वर ओढून धरायची. हातात कळ जाणाऱ्या काहींना याने बरं वाटतं. नुसती मान आखडलेल्याला फारसा फरक पडत नाही. दाराला लटकवायचे ट्रॅक्शनचे पट्टे ऑनलाइन मिळतात, ते मागवू नका. आणि गळ्यातला पट्टा, म्हणजे कॉलर, महिनोन्‌महिने लावून फिरणारे अजून भेटतात. तो लावला की स्नायूंना सुट्टी, आणि सुट्टीत ते आणखी दुबळे. डॉक्टरांनी ठरावीक कारणासाठी, ठरावीक दिवस सांगितला असेल तरच.

हाताने केलेल्या उपचारांचं मोल मात्र मी जास्त मानते. मणक्यांवर अंगठ्याने हलका, लयीत दाब देणं. थेरपिस्टने मणक्याला आधार द्यायचा आणि त्याच वेळी पेशंटने मान वळवायची. ऑस्ट्रेलियाचे मेटलंड, न्यूझीलंडचे मुलिगन आणि मॅकेन्झी ही या शास्त्रातली मोठी नावं. थेरपिस्टने यांपैकी कुठल्या पद्धतीचं नाव घेतलं तर बुचकळ्यात पडू नका. याने मान मोकळी होते, पण मोकळीक काही तास किंवा दिवस टिकते. त्या वेळात व्यायाम करून घ्यायचा, हा खरा हिशोब. ड्राय नीडलिंगमध्ये बारीक सुई स्नायूतल्या गाठीत घालतात. नंतर एक-दोन दिवस ठणकतं. खांद्याच्या वरच्या भागाखाली फुप्फुसाचं टोक असतं, त्यामुळे हे रीतसर शिकलेल्या हातानेच.

आणि सलूनमधलं ते! केस कापून झाले, चंपी झाली, आणि न कळवताच हनुवटी धरून कट्‌कन मान मोडली. बरं वाटतं खरं. तो आवाज सांध्यातल्या वायूच्या बुडबुड्याचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नव्हे. पण मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या जातात. झटक्याने त्यांना इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. क्वचित होतं, पण लॉटरी उलटी लागायला एकदाच पुरे. खुर्चीत बसतानाच सांगून ठेवा, "दादा, मान मोडायची नाही."

सहावी पायरी: खरं काम

आता डोंबिवलीच्या बाईंकडे परत. पहिला व्यायाम त्यांनी ज्याला टाळाटाळ समजलं तोच.

उताणं झोपायचं, गुडघे वाकवून. मानेखाली हातरुमालाची छोटी घडी. डोकं उचलायचं नाही. डोळ्यांनी छातीकडे बघितल्यासारखं करून हनुवटी अगदी थोडी, अर्धा इंच, गळ्याकडे न्यायची. 'हो' म्हणताना मान हलते त्याच्या सुरुवातीइतकी. तिथे दहा सेकंद धरायचं, श्वास चालू ठेवून. मग सोडायचं. असं दहा वेळा. यात एक मेख आहे. दोन बोटं गळ्याच्या बाजूला, कानामागून छातीच्या हाडाकडे तिरपा जातो त्या जाड स्नायूवर ठेवा. तो मऊ राहिला पाहिजे. बाईंचा तो पहिल्याच झटक्यात सुतळीसारखा ताणला गेला. मी त्यांचंच बोट त्यावर ठेवलं. "हा कशाला मधे येतोय?" त्या म्हणाल्या. तोच तर प्रश्न होता! वर्षानुवर्षं तो दुसऱ्याचं काम करत होता. कमी जोर, आणखी कमी जोर करत सातव्या-आठव्या वेळी बोटाखाली काही ताणलं नाही, तेव्हा त्यांना कपाळावर घाम आला होता. करंटच्या पंधरा मिनिटांत कधी आला नव्हता.

पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा एवढंच, आणि त्याबरोबर मान डावी-उजवी, वर-खाली, दुखण्याच्या अलीकडेपर्यंत हळू फिरवणं.

मग पुढचा टप्पा, जोर. तळहात कपाळावर, कपाळाने तळहाताला ढकलायचं, मान हलू द्यायची नाही. पूर्ण ताकदीच्या चौथ्या हिश्शाने, पाच-सहा सेकंद. तसंच मागे, तसंच दोन्ही बाजूंना. प्रत्येक दिशेला पाच वेळा. हे ऑफिसच्या खुर्चीत होतं.

त्यानंतर खांदे आणि पाठ, कारण मानेचे काही मोठे स्नायू खाली खांद्याच्या पात्यांना बांधलेले आहेत आणि पाती लटकली तर ओढ मानेवर येते. लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या म्हणजे हातात एकेक किलो. खांदे कानाकडे उचला, क्षणभर थांबा, हळू सोडा. मग हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत. रबरी पट्टा खिडकीच्या ग्रिलला बांधून दोन्ही कोपर मागे ओढणं, पाती एकमेकांकडे आणत. भिंतीला हात टेकून डिप्स. दहा-बारा वेळांचे दोन फेरे, आठवड्यातून तीन दिवस. सोपं वाटू लागलं की वजन वाढवा. इथे लोक चुकतात, त्याच एक किलोवर सहा महिने राहतात.

वेळ नाही, हे मला सांगू नका. डेन्मार्कमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या, मान-खांदे दुखणाऱ्या १९८ लोकांवर एक अभ्यास झाला, २०११ साली छापून आला. रबरी पट्ट्याने हात बाजूला उचलण्याचा व्यायाम एका गटाने रोज दोन मिनिटं केला, दुसऱ्याने बारा मिनिटं. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं. दोन मिनिटं! कुकरची शिट्टी यायला त्याहून जास्त वेळ लागतो.

ताणाचे व्यायाम सगळ्यांना आवडतात, करा. उजव्या काखेकडे बघितल्यासारखी मान वाकवा, उजव्या हाताचं नुसतं वजन डोक्यावर ठेवा, ओढू नका, तीस सेकंद. दुसऱ्या बाजूला तसंच. पण नुसत्या ताणावर राहू नका. हातात मुंग्या-कळ असेल तर नस सैल करण्याचे वेगळे व्यायाम असतात, ते व्हिडिओ बघून करू नका, समोर शिकून घ्या.

दुखलं तर? दहापैकी तीन-चारपर्यंत दुखणं चालतं, जर ते दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत मूळपदावर येत असेल तर. नाही आलं तर व्यायाम बंद नाही, निम्मा करा. हातातली कळ आणखी खाली बोटांकडे उतरू लागली तर थांबा आणि कळवा.

सिटिंग किती? माझा साधा हिशोब: पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग पंधरा दिवसांनी. सहा आठवड्यांत प्रश्नावलीचा आकडा हलला नाही तर उपचार बदलायला सांगा, आणखी दहा सिटिंग नकोत. ताकद यायला मात्र तीन महिने धरा.

सातवी पायरी: लोकल, ओटा आणि उशी

व्हॉट्सॲपवर एक चित्र फिरतं: मान साठ अंश वाकवली की मानेवर २७ किलो भार. ते २०१४ साली एका अमेरिकन सर्जनने मॉडेलवरून मांडलेलं गणित आहे, कोणाचं दुखणं मोजलेलं नाही. मान वाकवणं पाप नाही. आपल्या आज्या विळीवर वाकून गावजेवणाची भाजी चिरायच्या. त्रास होतो तो तासन्‌तास तसंच राहण्याने. म्हणून ताठ बसायचा अट्टहास नको, अर्ध्या तासाने जागचं हला.

लोकलमध्ये उभं असताना वरची कडी एकाच हाताने विरारपर्यंत धरू नका, स्टेशनं मोजून हात बदला. सॅक पुढे घेतलीच आहे तर तिच्यावर कोपर टेकवा, मोबाइल आपोआप वर येतो. बसायला मिळालं आणि झोप येणारच असेल तर खिडकीकडचा कोपरा बरा, डोकं कलायला जागा मिळते. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर टेकून, झोपून मान लुडकवण्यापेक्षा जागं राहा.

घरून काम असेल आणि टेबल नसेल, तर स्वयंपाकाचा ओटा. जेवणानंतर रिकामा असतो. एक पत्र्याचा डबा आडवा, त्यावर लॅपटॉप, पुढे वेगळा कीबोर्ड, आणि अर्धा तास उभ्याने काम. पलंगावर मांडीत लॅपटॉप घेऊन आठ तास, यापेक्षा कितीतरी बरं.

उशीबद्दल फार विचारतात. महागडी 'सर्व्हायकल' उशी आवश्यक नाही. कुशीवर झोपत असाल तर खांदा आणि कान यांतलं अंतर भरेल एवढी जाड, उताणे झोपत असाल तर पातळ. कापसाचे गोळे झालेली वीस वर्षांची उशी मात्र काढून टाका, सासूबाईंनी रुखवतात दिलेली असली तरी.

मान पुन्हा धरली तर

धरणार. वर्षात एक-दोनदा, प्रवासानंतर, एसीखाली झोपल्यावर, घरात आजारपण आलं की. पहिल्यांदा हे आधी सांगितलेलं नसतं म्हणून लोक समजतात सगळं मुसळ केरात. तसं नाही. पहिले दोन दिवस गरम शेक, लागली तर डॉक्टरांना विचारून गोळी, आणि झोपून राहायचं नाही. तासातासाला मान जमेल तेवढी फिरवा, तो 'हो'चा व्यायाम करा, चालायला जा. वजनाचे व्यायाम तीन-चार दिवस निम्मे. आठवड्याभरात बहुतेकदा ओसरतं. दोन आठवड्यांत ओसरलं नाही किंवा हातात नवीन काही सुरू झालं तर या.

त्या बाई अजून सहा महिन्यांतून एकदा येतात, करंट मागत नाहीत. मागच्या वेळी विचारत होत्या, सासूबाई म्हणतात मान अवघडली की उशी उन्हात टाक, टाकू का? म्हटलं, जरूर टाका. गच्चीवर नेऊन टाका आणि संध्याकाळी स्वतःच आणायला जा. तुमच्या इमारतीला लिफ्ट नाही, चार मजले आहेत.